बांध नसलेलं शिवार



इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते हिरव्या जमिनीचे चौकोन, भोवती झुडपांची कुंपणं आणि मधोमध एकटं शेतघर. हे चित्र आपण समजतो तितकं जुनं नाही. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटात कुंपणांची पाच हजारांहून जास्त विधेयकं आली. सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांखाली वाटली गेली आणि सामाईक शिवारं मोडली. त्यांतून सुटलेल्या मोजक्या गावांपैकी एक म्हणजे नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन.

तिथे आजही तीन मोठी उघडी शेतं आहेत : वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्हींत विखुरलेले. एका शेतात थंडीआधी पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड किंवा चाऱ्याला. दरवर्षी पाळी बदलते. मनाला येईल ते पेरायची सोय नाही. पट्ट्यांमध्ये कुंपण नाही, बांधही नाही, फक्त नांगराची एक सरी. घरं मात्र शिवारात नाहीत, सगळी गावातल्या रस्त्याला लागून, मागे लांबट परडं.

१६३५ साली मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने सर विल्यम कोर्टन या जमीनदारासाठी गावाचा नकाशा काढला. पट्टा न् पट्टा त्यात आहे. शिवाय नांगरणारी, कापणी करणारी बारीक बारीक माणसंही आहेत. मालकाला हवा होता जमिनीचा हिशेब. पियर्सने हात आखडता न घेता गावच काढून दिलं! आज तो नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

आता, हे गाव सुटलं का? गावकऱ्यांनी परंपरेसाठी कंबर कसली, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण साधं आहे. अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो या दोन बड्या जमीनदारांचं एकमेकांशी जमेना. पुढे वाट मोकळी झाली, तेव्हा शेतीला मंदीने घेरलं होतं. कुंपणाचा खर्च कोण करणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सने बारके पट्टे एकत्र करून त्यांची संख्या घटवली, पण पद्धत मोडली नाही.

पद्धत टिकली भांडणामुळे, पण चालली ती ज्यूरीमुळे. नोव्हेंबरच्या अखेरीला गावातल्याच बारा जणांची ज्यूरी गहू पेरलेल्या शेतात उतरते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाकडी खुंट्या आणि हातोडे. शेतरस्त्याची आणि गवताच्या सामाईक पट्टीची हद्द शोधायची, खुंटी ठोकायची, कुणाचा नांगर हद्दीच्या आत घुसला ते बघायचं. बांध कोरणारा भाऊबंद आपल्याकडे गावोगाव आहे. इथे बांधच नाही, तरी कोरणारा आहेच! तपासणी झाली की डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये जेवण. पुढच्या आठवड्यात तिथेच जमीनदारीचं जुनं कोर्ट भरतं. स्टुअर्ड, म्हणजे मालकाचा कारभारी, बसतो, नवी ज्यूरी शपथ घेते, चुकलेल्यांना दंड होतो. रक्कम किरकोळच. पण ज्यांच्याबरोबर रोज बसायचं, त्यांच्यासमोर आपलं नाव वाचलं जातं, आणि ते पौंडांपेक्षा जास्त लागत असणार.

आपल्या गावांशी अशा गावांची तुलना नवी नाही. हेन्री मेन हिंदुस्थान सरकारचा कायदा सदस्य होता. परत गेल्यावर त्याने १८७१ साली पूर्व-पश्चिमेकडच्या ग्रामसमाजांवर पुस्तक छापलं आणि आपली गावं व जुनी इंग्रजी गावं एकाच मुळाची ठरवली. मला ते फार ताणलेलं वाटतं. लॅक्स्टनचा शेतकरी मुख्यतः कूळ आहे, वतनदार नव्हे. जमीन कुणाची हा प्रश्न ज्यूरीपुढे येतच नाही. ती कशी कसायची, एवढ्यावरच तिचा हुकूम चालतो.

मालक तर बदलत राहिले. १९५२ साली मॅनव्हर्सने गाव कृषी मंत्रालयाला विकलं, १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेलं, आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने घेतलं. थोर्सबी ही मॅनव्हर्स घराण्याचीच जुनी इस्टेट, म्हणजे जमीन फिरून मूळ घरी आली. मधल्या काळात, १९७७ च्या कायद्याने अशा जुन्या कोर्टांचे अधिकार देशभर काढून घेतले. मोजके अपवाद ठेवले, त्यांत लॅक्स्टनचं नाव आहे. त्यामुळे पबमध्ये भरणाऱ्या या कोर्टाच्या दंडाला आजही कायद्याचं बळ आहे.