संगणकशास्त्राचें पुढील शिक्षण : कोणत्या दारानें जावें?

संगणकशास्त्रांतील पदवी मिळविलेल्या मुलामुलींच्या घरीं मे महिना आला कीं एक चर्चा हटकून सुरू होते. हातीं दोन संस्थांचीं प्रवेशपत्रें असतात, आणि त्यांतील कोणतें पत्करावें याविषयीं आप्तेष्टांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाचें मत ठरलेलें असतें. बहुधा तें संस्थेच्या नांवावरून बनलेलें असतें. नांव पाहूं नये असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या नांवाखालीं आपले दिवस कोणत्या कामांत जाणार, हें आधीं पाहावें, एवढेंच मला आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

हें शास्त्र वयानें तरुण आहे. अमेरिकेंतील पहिला स्वतंत्र विभाग पर्ड्यू विद्यापीठानें १९६२ सालीं उघडला. स्टॅनफर्डचा विभाग १९६५ सालीं गणिताच्या विभागांतून वेगळा निघाला, तर एम्. आय्. टी. या संस्थेंत हा विषय आजहि विद्युत्-अभियांत्रिकीशीं एकाच विभागांत नांदत आहे. म्हणजे नांव एक असलें तरी घराणीं निराळीं. आपल्याकडेहि तसेंच आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधील एम्. एस्सी. चा ओढा गणिताकडे व शास्त्राच्या तात्त्विक अंगाकडे आहे. ज्याचें मन मोठमोठ्या यंत्रणा बांधण्यांत रमतें, त्याला तेथील उत्तम शिक्षणहि परकें वाटण्याचा संभव आहे.

एकाच संस्थेच्या आवारांतहि दोन वाटा असतात. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें एक एम्. टेक्. वर्गांतील अभ्यासावर उभी आहे, तर दुसरींत वर्ग थोडे असून संशोधन व प्रबंध हाच तिचा गाभा आहे. पवईच्या आय्. आय्. टी. मध्यें अध्यापनांत साहाय्य करणारा विद्यार्थी २ वर्षांत एम्. टेक्. होतो, संशोधन-साहाय्यक म्हणून घेतलेला ३ वर्षें राहतो. घरचीं माणसें या तिसऱ्या वर्षाला ‘वायां गेलेलें वर्ष’ समजतात. ज्याला लवकर नोकरी धरून संसाराला हातभार लावावयाचा आहे, त्याला तें खरोखर जड जाईल. पण एखादा प्रश्न मुळापर्यंत खणून पाहण्याची ज्याला ओढ आहे, त्याला तेंच वर्ष लाभाचें ठरेल.

परदेशाच्या बाबतींत तर हिशेबच निराळा. अमेरिकेंत एम्. एस्. चें शिक्षण बहुतेकांना स्वखर्चानें करावें लागतें. उलट पीएच्. डी. साठीं पदवीनंतर थेट प्रवेश मिळूं शकतो. शुल्क बहुधा माफ होतें व निर्वाहवेतनहि मिळतें. मात्र त्यापायीं पांच-सहा वर्षें द्यावीं लागतात. घर गहाण ठेवून मुलाला पाठविणाऱ्या आईबापांनीं हा भेद प्रवेशपत्र येण्यापूर्वींच समजून घेतलेला बरा. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला विद्यार्थी आवडीचा विषय निवडीत नाहीं, पगाराचा निवडतो.

मग खरी माहिती मिळवावी कशी? पहिली गोष्ट, ज्या अध्यापकाच्या हाताखालीं काम करावयाचें, त्यांचा अलीकडील एक निबंध स्वतः वाचून पाहावा. सगळा समजणार नाहीं; परंतु तो पुढें वाचावासा वाटतो कीं नाहीं, हें आपल्यालाच कळेल. दुसरी, त्यांच्या सध्यांच्या विद्यार्थ्यांना नम्रपणें विचारावें : गुरुजी आठवड्यांतून कितीदां भेटतात? आधींच्यांना पदवीस किती वर्षें लागलीं? ते पुढें कोठें गेले? या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून जें कळेल, तें माहितीपत्रकांत सांपडणार नाहीं.

निवडीला मुदत थोडी असते, म्हणून ही चौकशी आधींच करून ठेवावी. आय्. आय्. टी. व बंगळूरच्या जागा सामाईक संकेतस्थळावरून फेरीफेरीनें देऊं केल्या जातात, आणि उत्तरें तीनच : जागा पक्की करणें, ती राखून पुढील फेरीची वाट पाहणें, अथवा ती नाकारून वाट पाहणें. नाकारलेली जागा परत मिळेल असा भरंवसा धरूं नये. अमेरिकेंतील अनेक विद्यापीठें विद्यावेतनासह दिलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलपर्यंत उत्तराची सवड देतात. तेवढे दिवस पुरते वापरावे. आणि मनासारखें कांहींच न मिळालें तरी धीर सोडूं नये. गेट परीक्षेचे गुण ३ वर्षें ग्राह्य असतात.

शेवटीं पालकांना एक विनंति. मुलगा अथवा मुलगी कमी नांवाची संस्था पसंत करूं लागली, तर ‘लोक काय म्हणतील’ हें आधीं विचारूं नये. ‘तेथें तूं रोज काय करणार आहेस?’ असें विचारावें. त्याचें उत्तर तिला नीट देतां आलें, तर निवड योग्य झाली असें समजून निश्चिंत मनानें तिला निरोप द्यावा.