पाट्याचा दगड आणि लोणारचें सरोवर



विज्ञान म्हटलें म्हणजे प्रयोगशाळा, कांचेच्या नळ्या आणि मोठमोठीं यंत्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. मी परतूरचा एक सेवानिवृत्त शिक्षक, मॅट्रिकपर्यंत शिकलेला; माझी धांव घरांतल्या पाट्या-वरवंट्यापर्यंत. परंतु हा पाटा ज्या काळ्या दगडाचा, त्याच दगडाचा आपला सारा मुलूख आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर थिजून तो बनला.

परतुराहून मंठ्यावरून पुढें गेलें म्हणजे लोणार लागतें. तेथें याच दगडांत सुमारें १८०० मीटर रुंदीचा वाटोळा खळगा असून त्याच्या तळाशीं खारें सरोवर आहे. नोकरीच्या आरंभीं मी मुलांस सांगत असें कीं, हें ज्वालामुखीचें मुख होय. मी स्वतः तसेंच शिकलों होतों. एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, मग त्याचा डोंगर कोठें गेला?" "सांगितलें तें पाठ कर," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें.

वस्तुतः उत्तर तेव्हांच उपलब्ध होतें. लोणारच्या दगडांत मास्केलिनाइट नांवाची कांच सांपडल्याचें शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलें होतें. आपल्या पाट्याच्या दगडांत फेल्डस्पार या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. ते न वितळतां कांचरूप होण्यास प्रचंड आणि आकस्मिक आघात लागतो. ज्वालामुखीच्या उष्णतेनें तें घडत नाहीं. तो आघात आकाशांतून आलेल्या अशनीचा. मुलाचा प्रश्न बरोबर होता. चुकलों होतों मी.

जून २०२० मध्यें सरोवराचें पाणी गुलाबी झालें. कोणी कांहीं म्हणे, कोणी कांहीं. या वेळीं मीं मात्र तोंड मिटून वाट पाहिली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासलें, तों क्षार वाढल्यामुळें मीठप्रिय सूक्ष्मजीव बहरल्याचें दिसून आलें. ते तळाशीं बसूं दिल्यावर वरचें पाणी स्वच्छ झालें. पावसाळ्यांतलें गढूळ पाणी घागरींत निवळत ठेवणाऱ्या आमच्या आजीला यांत नवल वाटलें नसतें!

त्या विद्यार्थ्याला, आतां तो पन्नाशीच्या घरांत आहे, गेल्या वर्षीं मीं पत्रानें माझी चूक कळविली. उलट टपालीं नवा प्रश्न आला: "गुरुजी, खळग्याचें वय एका पद्धतीनें सुमारें ५२ हजार वर्षें निघतें, दुसरीनें सुमारें ५ लक्ष ७० हजार. इतकें अंतर कां?"

उत्तर लिहावयास बसलों आहें. 'पाठ कर' म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं.