संगणकांतील आगंतुक जाहिराती



घरांतील संगणक सुरू केला कीं न बोलावलेली एखादी जाहिरात पडद्यावर येऊन बसते, ती मिटविली कीं दुसरी येते, आणि जें पान हवें असतें तें मात्र चार वेळां मागितल्यावांचून मिळत नाहीं, असा अनुभव हल्लीं आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतहि पुष्कळ घरीं येऊं लागला आहे. या उपद्रवास इंग्रजींत अॅडवेअर असें नांव आहे. तें संगणकांत शिरतें कसें आणि घरच्या घरीं काढून कसें टाकावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेंत मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविलेला मनुष्य आहे. संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु नोकरींत असतांना एम. एस. सी. आय. टी. चा अभ्यासक्रम इतर शिक्षकांप्रमाणें मींहि पुरा केला, आणि निवृत्तीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे संगणक पाहण्याचें काम आपोआपच माझ्याकडे आलें. त्यावरून माझें असें मत झालें आहे कीं, ही पीडा घालविण्यास विद्या फारशी लागत नाहीं, धीर लागतो.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. ज्यास आपण व्हायरस म्हणतों तो कुलूप फोडून आंत येणाऱ्या चोरासारखा असतो. अॅडवेअर बहुधा कुलूप फोडीत नाहीं. तें दार वाजवितें, आणि आपण हो म्हटलें म्हणून आंत येतें. आपण हो केव्हां म्हटलें हें आपणांस आठवत नाहीं, हीच त्यांतली हुशारी.

नेहमींचें एक उदाहरण घेऊं. नोकरभरतीच्या अर्जास जोडावयाचें छायाचित्र ठराविक मापाहून मोठें चालत नाहीं. तें लहान करून देणारा फुकट प्रोग्राम घरांतला मुलगा इंटरनेटवर शोधतो. जें पान उघडतें त्यावर डाऊनलोड असें लिहिलेलीं तीन मोठालीं हिरवीं बटणें असतात; त्यांपैकीं दोन जाहिरातवाल्यांचीं, आणि खरें बटण कोठें तरी खालीं, बारीक अक्षरांत. समजा, खरेंच बटण सांपडलें. पुढें प्रोग्राम बसवितांना 'नेक्स्ट', 'नेक्स्ट' असें दाबीत जावयाचें असतें. त्या वाटेवर एका चौकटींत बरोबरची खूण आधींच करून ठेवलेली असते, आणि शेजारीं लिहिलेलें असतें कीं, यासोबत अमुक शोधपट्टी व अमुक खरेदी-साहाय्यक बसविण्यास माझी संमति आहे. ती खूण पुसणें आपल्या हातीं असतें. पण अर्जाची शेवटची तारीख उद्यांवर आलेली असतांना वाचतो कोण? फुकट प्रोग्राम वाटणाऱ्यास अशा जोडसामानाच्या प्रत्येक नगामागें जाहिरातवाल्याकडून पैसे मिळत असतात.

दुसरी वाट याहूनहि सोपी आणि सध्यां फार वहिवाटींतली. क्रिकेटचा सामना फुकट दाखविणारें एखादें पान उघडतांच 'आपण यंत्रमानव नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं अलाऊ दाबा' अशी सूचना येते. तें दाबणें म्हणजे त्या पानास रात्रंदिवस निरोप धाडण्याची परवानगी देणें होय. मग पान मिटलें तरी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत, खालच्या बाजूस, निरोप येतच राहतात. येथें संगणकांत नवीन असें कांहींच बसलेलें नसतें. म्हणून विषाणुनाशक कितीहि चालविलें तरी त्यास कांहीं सांपडत नाहीं, आणि घरचीं माणसें हैराण होतात. तिसरी वाट ब्राउझरला जोडावयाच्या लहान लहान उपकरणांची. त्यांस एक्स्टेन्शन म्हणतात. त्यांतलीं पुष्कळ उपयोगाचीं आहेत. कांहीं मात्र आपण शोधलें एक तर दाखवितात दुसरेंच.

क्वचित् असेंहि होतें कीं, आपण कशासहि हो म्हटलेलें नसतें. लेनोव्हो कंपनीनें २०१४ सालीं विकलेल्या कित्येक लॅपटॉपांत सुपरफिश नांवाचा जाहिराती घुसविणारा प्रोग्राम मूळचाच बसविलेला होता. बँकेच्या पानासारखीं कुलूपबंद पानेंहि त्यास वाचतां यावींत म्हणून त्यानें संगणकांत स्वतःचा एक दाखला ठेवला होता, आणि त्या दाखल्याची किल्ली सर्व लॅपटॉपांत एकच होती. एकास ती सांपडली कीं सगळ्यांचीं कुलपें उघडलीं! फेब्रुवारी २०१५ मध्यें ही गोष्ट बाहेर फुटली, गिऱ्हाइकांचा ओरडा झाला, आणि प्रोग्राम काढून टाकण्याचें साधन कंपनीस द्यावें लागलें. पुढें २०१७ सालीं अमेरिकेंतील ३२ राज्यांना तिनें पस्तीस लाख डॉलर भरण्याची तडजोड केली. नवी वस्तु म्हणजे निर्मळ वस्तु, असें मानण्याचें कारण नाहीं.

हा उपद्रव आपल्या देशांत केवढा आहे? २०१७ सालीं चेक पॉइंट या सुरक्षा-संस्थेनें फायरबॉल नांवाच्या अॅडवेअरचा अहवाल प्रसिद्ध केला. फुकट प्रोग्रामांच्या जोडीनें तें पसरलें होतें आणि ब्राउझरचें मुखपृष्ठ व शोधयंत्र बदलून टाकीत होतें. जगांत पंचवीस कोटि संगणकांस त्याची बाधा झाली असून त्यांत भारतांतले २ कोटि ५३ लाख, म्हणजे कोणत्याहि देशाहून अधिक आहेत, असा त्या संस्थेचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टनें मात्र हा आकडा फुगविलेला असावा असें म्हटलें. मलाहि असले गोल आकडे पाहिले कीं पटावरच्या खोट्या हजेरीची आठवण होते. परंतु यादींत भारत वर कां यावा हें समजण्यासारखें आहे. आपणांस फुकट प्रोग्राम हवे असतात, आणि सूचना ज्या भाषेंत येतात ती पुष्कळांची भाषा नसते.

आतां कोणी म्हणेल, चार जाहिराती दिसल्या तर बिघडलें काय? वर्तमानपत्रांतहि त्या असतातच. खरें आहे, पण वर्तमानपत्रांतली जाहिरात आपला रकाना सोडून उठत नाहीं आणि आपण काय वाचतों याची टांचणें करून कोणास विकीत नाहीं. शिवाय या जाहिरातींच्या रांगेंत शेवटीं एक निराळाच मनुष्य उभा असतो. मेहकर तालुक्यांतील एक कापूस-सोयाबीनचे शेतकरी पीक विम्याचा अर्ज भरावयास बसले होते. एकाएकीं सारा पडदा लाल झाला, भोंगा वाजूं लागला, आणि अक्षरें उमटलीं कीं, तुमच्या संगणकांत पांच विषाणू सांपडले आहेत, संगणक बंद करूं नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. त्यांनीं फोन केला. पलीकडच्या गृहस्थानें अत्यंत गोड हिंदींत सांगितलें कीं, एक प्रोग्राम बसवा म्हणजे आम्हांस येथून तुमचा पडदा दिसेल, आणि दुरुस्तीचे चार हजार नऊशें रुपये बँकेच्या पानावरून भरा. सुदैवानें हे गृहस्थ व्यवहारीं चोख. "अडत्यालाहि मी माल पाहिल्यावांचून पैसे देत नाहीं," असें म्हणून त्यांनीं फोन ठेवला आणि ते मोटारसायकलीवर माझ्याकडे आले. "गुरुजी, हें खरें असतें काय?"

तें खरें नसतें. कोणत्याहि ब्राउझरमधल्या पानास आपल्या संगणकांतले विषाणू मोजतां येत नाहींत. आठवडी बाजारांत जडीबुटीवाला नाडी धरून आधीं रोग सांगतो आणि मग त्याच पिशवींतून औषध काढतो. त्यांतलाच हा प्रकार. अशा वेळीं त्या पानावर कोठेंहि, मिटविण्याच्या फुलीवरसुद्धां, दाबूं नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत ब्राउझरचें नांव निवडून 'एंड टास्क' म्हणावें. ब्राउझर पुन्हां उघडल्यावर 'मागचीं पानें परत आणूं काय' असें विचारील. तेथें नाहीं म्हणावें. लाल पडदा गेला. त्या शेतकरीबुवांचा निम्मा ताप एवढ्यानेंच उतरला.

उरलेला निम्मा उतरविण्यास मुळाशीं जावें लागतें. आपल्या काळ्या जमिनींत कुंदा माजतो, तो शेतकऱ्यांस सांगावयास नको. वखरानें वरचें पातें कापलें तर आठ दिवसांत पुन्हां हिरवें; खालच्या काशा खणून काढाव्या तेव्हांच तो हटतो. अॅडवेअरचें असेंच आहे. ब्राउझरमधलें एक्स्टेन्शन काढावें आणि तें बसविणारा प्रोग्राम मात्र तसाच राहूं द्यावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीं एक्स्टेन्शन पुन्हां हजर. म्हणून क्रमास महत्त्व आहे: आधीं प्रोग्राम, मग ब्राउझर, आणि शेवटीं तपासणी.

विंडोजच्या सेटिंग्जमध्यें अॅप्स या सदराखालीं बसविलेल्या सर्व प्रोग्रामांची यादी मिळते. ती तारखेच्या क्रमानें लावावी. जाहिराती कधींपासून सुरू झाल्या हें घरांतल्या मुलांस साधारण आठवत असतें. त्या सुमाराचीं नांवें पाहावींत. जें आपण मागितलेलें नाहीं त्यावर अनइन्स्टॉल म्हणावें. कित्येक लबाड प्रोग्राम जातांजातां 'खरेंच जाऊं काय?' असें विचारतात आणि होकाराचें बटण फिकट, नकाराचें ठळक रंगवितात. सावकाश वाचावें. ज्या नांवाचा अर्थ कळत नाहीं तें मात्र घाईनें उडवूं नये. छापयंत्राचे किंवा आवाजाचे आवश्यक प्रोग्रामहि त्याच यादींत असतात. याच वेळीं टास्क मॅनेजरमधलें 'स्टार्टअप' हें पान पाहून घ्यावें. संगणक सुरू होतांच कोण कोण उठून बसतो त्याची ती हजेरी आहे. अनोळखी इसमास तेथें डिसेबल करावें.

मग ब्राउझर. त्याच्या एक्स्टेन्शन्सच्या पानावर आपण न बसविलेलें जें दिसेल तें रिमूव्ह करावें. सेटिंग्जमध्यें गोपनीयतेच्या सदराखालीं साइट सेटिंग्ज आणि त्यांत नोटिफिकेशन्स आहे. ज्या ज्या स्थळांस निरोप धाडण्याची मुभा दिली गेली त्यांचीं नांवें तेथें सांपडतात. शेतकरीबुवांच्या संगणकावर अशीं सतरा नांवें निघालीं, त्यांतलें एकहि घरांत कोणास ओळखतां येईना. सतराहि काढलीं. शोधयंत्र आणि आरंभींचें पान बदललेलें असेल तर पूर्ववत् करावें. एवढ्यावरहि ब्राउझर उघडतांच भलतेंच पान येत असेल, तर पडद्यावरील त्याच्या चिन्हाचे गुणधर्म, म्हणजे प्रॉपर्टीज, उघडून 'टार्गेट' ही ओळ पाहावी. प्रोग्रामच्या नांवापुढें कोणत्या तरी स्थळाचा पत्ता शेंपटासारखा चिकटविलेला आढळतो. आणि घरच्या संगणकावर क्रोमच्या यादींत 'हा ब्राउझर आपल्या संस्थेकडून चालविला जातो' अशा अर्थाचें वाक्य दिसलें, तर सावध व्हावें. घरांत कसली संस्था? कधीं एखादें विषाणुनाशकहि तें वाक्य उमटवितें. पण तसें कांहीं कारण नसेल, तर कोणी तरी ब्राउझरवर आपला हुकूम बसविला आहे असें समजावें, आणि तेवढ्यापुरता जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा. इतर वेळीं ब्राउझरच्याच सेटिंग्जमधील 'रीसेट' हा उपाय पुरतो. क्रोममध्यें त्यानें जपून ठेवलेल्या खुणा आणि पासवर्ड जात नाहींत, हें मुद्दाम सांगतों, कारण त्या भीतीनें पुष्कळ लोक तें करीत नाहींत.

शेवटीं तपासणी. विंडोज १० आणि ११ मध्यें मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मूळचाच असतो. त्याची पूर्ण तपासणी रात्रीं लावून द्यावी. नको असलेले प्रोग्राम अडविण्याची एक निराळी कळहि त्यांत, 'अॅप अँड ब्राउझर कंट्रोल' या सदरांत आहे; ती चालू आहे कीं नाहीं हें पाहावें. केवळ अॅडवेअरसाठींच केलेला अॅडवक्लीनर नांवाचा फुकट प्रोग्राम मालवेअरबाइट्स या कंपनीचा आहे. तो तिच्याच स्थळावरून घ्यावा, वाटेंतल्या हिरव्या बटणांवरून नव्हे. भारत सरकारनेंहि फेब्रुवारी २०१७ मध्यें सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलें. तेथें संगणक स्वच्छ करण्याचीं साधनें विनामूल्य मिळतात. त्यांतलें एक साधन पुण्याच्या क्विक हील कंपनीचें. या कंपनीचे संस्थापक कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे. ते मॅट्रिकनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत असत, आणि विषाणुनाशक लिहिलें तें त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं. मॅट्रिकवाल्यांविषयीं मला थोडा पक्षपात आहे, म्हणून एवढें सांगितलें. यास जाहिरात समजूं नये, आजचा विषय पाहतां तर मुळींच नको.

वरील सगळ्या कामास त्या घरीं दीड तास लागला, रात्रींची तपासणी वेगळी. संगणक 'फॉरमॅट' करावयाचा, म्हणजे सारें पुसून नव्यानें मांडावयाचें, असा सल्ला दुकानांतून सर्रास मिळतो. तो दुकानदारास सोयीचा आहे. परंतु मुलांचे फोटो आणि जमिनीचे कागद त्यांत पुसले जातात. तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ४३ व्या कलमाप्रमाणें मालकाच्या परवानगीवांचून संगणकांत अपायकारक प्रोग्राम घालणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते, आणि तें अप्रामाणिकपणें केलें असेल तर ६६ व्या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. अडचण त्या 'परवानगी'च्या शब्दांत आहे. खूण केलेली चौकट दाखवून जाहिरातवाला मोकळा होऊं पाहतो. म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं काढलेलीं मार्गदर्शक तत्त्वें मला अधिक उपयोगाचीं वाटतात. गिऱ्हाइकास फसविणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार त्यांत नांवें घेऊन सांगितले आहेत. खोटी घाई करणें, जाहिरात बातमीसारखी सजविणें, आणि विषाणूची खोटी भीति घालून पैसे उकळणें, हे त्यांपैकींच होत.

ज्यांच्या हातून अशा फोनवर पैसे गेले असतील त्यांनीं लाजून घरीं बसूं नये. १९३० हा राष्ट्रीय मदत-क्रमांक याचसाठीं आहे. जितक्या लवकर कळवावें तितकी रक्कम मधल्या खात्यांत अडविली जाण्याचा संभव अधिक असतो. बँकेसहि त्याच वेळीं कळवावें. ज्या संगणकाचा पडदा परक्यास दाखविला तो इंटरनेटपासून तोडावा, आणि पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या संगणकावरून बदलावे. त्यांतहि प्रथम ई-मेलचा, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या त्याच टपालाने येतात.