दोन रात्री, एक पिशवी आणि मावशीच्या पायऱ्या

आजचा भाग जरा घरगुती आहे. तुमच्यापैकी काहींनी मागे विचारलं होतं, की ताई, तुम्ही इंग्लंडात राहता, नवरा आयरिश, मग सासरी जाता तेव्हा नेमकं काय होतं? तर ऑक्टोबरात दोन रात्रींसाठी जाऊन आलो, त्याबद्दल बोलते. फार काही बघितलं नाही हे आधीच सांगते. दोन्ही दिवस पाऊस होता. समुद्र जवळ असून दिसला नाही.

सासर म्हणजे मेयो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा परगणा. माझ्या सासूबाई १९६०च्या दशकात तिथून नर्सिंग शिकायला इंग्लंडला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्या काळात आयर्लंडच्या खेड्यांतून किती मुली अशा इथल्या हॉस्पिटलांत आल्या! सासूबाई आता नाहीत. त्यांची धाकटी बहीण मात्र गावातच राहिली. लग्न केलं नाही, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, घर आणि थोडी जमीन सांभाळली. ती आता ८४ वर्षांची आहे. नात्याने माझी मावससासू, पण मी तिला सरळ मावशीच म्हणते. तिलाही तो शब्द आवडतो. तिच्या तोंडी तो 'मॉशी' होतो.

उन्हाळ्यात मावशी जिन्यात पडली. हाड मोडलं नाही, पण फोनाफोनी सुरू झाली. माझा नवरा, त्याचा भाऊ, लीड्सची मामेबहीण, सगळ्यांचं एकच: कोणीतरी जाऊन बघून यायला हवं. हे 'बघून येणं' म्हणजे काय, ते आपल्या कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गावच्या घरी एकटी राहिलेली काकू असते आणि तिचं काय करायचं ते मुंबईतले चाकरमानी ठरवत असतात.

तिकीट मिळालं जाऊन-येऊन ४३ पौंडांना. लंडनहून विमानतळापर्यंत जाणाऱ्या कोचला याहून फार कमी पडत नाही. अर्थात एवढ्यात फक्त माणूस जातो. सामान म्हणजे सीटखाली मावेल अशी एकच पिशवी, बाकी प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे. म्हणून नवऱ्याने दोन स्वेटर एकावर एक घातले आणि माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा चकली जास्त. लोणचं राहिलं. घट्ट असलं तरी सुरक्षा तपासणीवाले त्याला द्रवच धरतात, आणि शंभर मिलिलिटर लोणच्यात कोणाचं भागतं?

माझं अजून एक असतं. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना एकमेकांच्या देशात जायला-राहायला व्हिसा लागत नाही. आयर्लंड स्वतंत्र झालं तेव्हापासून, म्हणजे १९२०च्या दशकापासून चालत आलेली ही व्यवस्था आहे. पण माझा पासपोर्ट भारतीय. इंग्लंडात कितीही वर्षं राहिले तरी आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढायचा, आणि विमानतळावर आधी कागद दाखवायचे. नवरा तोवर कॉफी घेऊन उभा. ते असो.

आता या स्वस्त तिकिटाची थोडी गोष्ट सांगते, कारण ती आयर्लंडचीच गोष्ट आहे. पूर्वी लंडनहून मेयोला जायचं म्हणजे रात्रीची आगगाडी धरून वेल्समधल्या होलीहेडला, तिथून बोटीने डब्लिनकडे, मग पुन्हा गाडी आणि शेवटी बस. एक अख्खा दिवस आणि रात्र. विमान होतं, पण बांधकामावरच्या मजुराला किंवा नर्सला परवडणारं नव्हतं. १९८५ साली रायनएअर ही कंपनी सुरू झाली, वॉटरफर्ड ते लंडन, १५ सीटांच्या छोट्या विमानाने. पुढच्या वर्षी तिने डब्लिन-लंडन मार्गावर उतरून जुन्या कंपन्यांच्या निम्म्याहून कमी भाड्यात तिकिटं काढली. आज युरोपभर लोक या तिकिटांवर सुट्टीला जातात, पण सुरुवातीची गर्दी घरी जाणाऱ्यांची होती.

आणि नॉकचा विमानतळ! त्याची कथा कोणी सिनेमात दाखवली तर आपण म्हणू, काहीही. नॉक हे मेयोमधलं लहानसं गाव. २१ ऑगस्ट १८७९ला तिथल्या चर्चच्या भिंतीवर मेरीमातेचं दर्शन झालं असं पंधरा जणांनी सांगितलं. ते तेव्हा पावसात उभे होते, बरं का. तेव्हापासून ते तीर्थक्षेत्र आहे. १९७९ साली शंभर वर्षं झाली म्हणून पोप दुसरे जॉन पॉल येऊन गेले. तिथले धर्मगुरू मॉन्सिन्योर जेम्स होरन यांच्या डोक्यात आलं की इथे विमानतळ हवा. जागा कुठली, तर २०० मीटर उंचीची टेकडी, सगळी दलदल, वर धुकं. लोक हसले. एका सरकारने पैसे दिले, काम सुरू झालं, दुसरं सरकार आलं आणि त्याने हात आखडता घेतला. होरन यांनी लॉटरी काढली, जगभरच्या मेयोकरांकडे हात पसरले आणि मोठ्या विमानांना पुरेल एवढी, सव्वादोन किलोमीटरहून लांब धावपट्टी पुरी केली. १९८६च्या मे महिन्यात रीतसर उद्घाटन झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते फ्रान्समध्ये लूर्दच्या यात्रेला गेले असताना वारले. त्यांचा देह याच विमानतळावर उतरला.

मला यात यात्रेकरूंपेक्षा जास्त दिसतात ते गाव सोडून गेलेले. १८४१ साली, दुष्काळाच्या आधी, मेयोची वस्ती जवळपास ३ लाख ८९ हजार होती. २०२२च्या जनगणनेत ती साधारण १ लाख ३८ हजार भरली. पावणेदोनशे वर्षांनी आधीच्या तिप्पट व्हायची, ती तिसऱ्या हिश्श्यावर आली. तिथे पूर्वी अमेरिकेला निघालेल्याच्या आदल्या रात्री, घरात मयत झाल्यावर बसतात तसं, सगळं गाव रात्रभर जागायचं. कारण तो परत दिसणार नाही हे ठरलेलं. आमच्या विमानात मागच्या सीटवरचा माणूस मात्र शनिवारचा सामना बघून रविवारी परतणार होता.

उतरलो तेव्हा पाऊस होता. आता पावसाबद्दल कोकणातल्या बाईने आयर्लंडचं कौतुक सांगू नये. माझं माहेर चिपळूणचं. आमच्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर सहज पडतो. मेयोला बहुतेक ठिकाणी वर्षभरात त्याच्या निम्म्याहून कमी. पण आपला पाऊस चार महिन्यांत काय ते भांडून जातो. तिकडे पश्चिमेला वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस ओले असतात. छत्री उपयोगाची नाही, कारण तो वरून पडतच नाही, आडवा येतो, भुरभुर, अंगाला चिकटतो. असल्या दिवसाला तिथले लोक 'सॉफ्ट डे' म्हणतात, मऊ दिवस. शेजारचा माणूस गाडी घेऊन न्यायला आला होता, तोही तेच म्हणाला. माझे मोजे भिजलेले होते.

घरात शिरल्यावर पहिला वास टर्फचा. टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली माती, ती चुलीत जळण म्हणून वापरतात. शेणी आणि ओलं लाकूड यांच्या मधला वास. मग चहा. चहाच्या बाबतीत मला हे सासर फार मानवलं. दुधाचा, कडक, दिवसातून सहा वेळा. आणि आग्रह! पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा घ्यायचा. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. चकली मावशीने बशीत नीट मांडली आणि लोणी लावून खाल्ली. मी काही बोलले नाही. खरं तर बरी लागते.

सकाळी बातम्यांनंतर स्थानिक रेडिओवर निधनवार्ता वाचतात. कोण गेलं, कुठल्या वाडीचं, प्रार्थना किती वाजता. मावशी तेव्हा किटलीसुद्धा बंद करते. तिथे अंत्यसंस्कार साधारण दोन-तीन दिवसांत होतात आणि सगळ्यांनी जायचंच असतं, त्यामुळे इंग्लंडातून येणाऱ्यांना हे स्वस्त विमान खरं उपयोगी पडतं ते तेव्हा. मावशीला कुठलं विमान किती वाजता उतरतं ते पाठ आहे. आम्ही आल्या-आल्या तिने विचारलं होतं, "परवाचं किती वाजताचं?" येताक्षणीच जाण्याची वेळ. मला ते टोचलं. नवऱ्याला नाही, त्याने सांगून टाकलं, पाच वाजताचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा गटार साफ करायला बाहेर गेला होता. मी जिन्याजवळ उभी होते. मावशी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "तेरा आहेत. मोजायला आलीस ना?"

मी म्हटलं, "हो."

खोटं काय बोलायचं तिच्याशी? ती म्हणाली, ये, बस. आणि मग जे सांगितलं ते लंडनमधल्या आमच्या एकाही फोनवर कोणाच्या तोंडून आलं नव्हतं, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. पलंग ऑगस्टपासून खालच्या खोलीत आहे. वर ती जातच नाही. शेजारीण सकाळी चूल पेटवते. पोस्टमन दार वाजवल्याशिवाय पुढे जात नाही. तिथे सरकारी योजना आहे, वृद्धाश्रमाच्या खर्चाला मदत मिळते. त्यात उत्पन्नाचा ८० टक्के भाग तुमचा, शिवाय मालमत्तेच्या साडेसात टक्के दरवर्षी, घराच्या बाबतीत तीन वर्षांपुरते. हे सगळं तिने स्वतः माहिती काढून कागदावर मांडून ठेवलं होतं, पेन्सिलीने. "वेळ आली की जाईन. वेळ कधी आली ते मी सांगेन."

मग मला म्हणाली, "आणि तुझ्या आईच्या पायऱ्या कोण मोजतं?"

माझी आई चिपळूणला एकटी असते. भाऊ पुण्यात. कुंभार्ली घाटातून पाच-सहा तास, महिन्या-दीड महिन्याने जातो. मी वर्षातून एकदा, पण तीन आठवडे. हे सांगितल्यावर मावशी थोडा वेळ गप्प होती. म्हणाली, तीन आठवडे बरे. तीन आठवड्यांत भांडण होऊन मिटतं. दोन रात्रींत सगळे चांगलेच वागतात.

मला हे अगदी पटलं. स्वस्त तिकिटाने येणं सोपं केलं, यात शंका नाही. पण दोन रात्रींचा माणूस पाहुणा असतो. त्याला चांगली चादर काढतात, त्याच्यासमोर गुडघा दुखत नाही. आणि तो परत जाऊन बाकीच्यांना सांगतो, की ठीक आहे तिचं, किंवा ठीक नाही. दोन्ही अंदाजच.

संध्याकाळी तिने नवऱ्याला बसवून आपली अट सांगितली. सगळे मिळून ख्रिसमसला येऊ नका. महिन्याला एकजण या, आणि कामाच्या दिवसांत या, शनिवार-रविवारी नको. मंगळवारी डॉक्टर असतो, गुरुवारी बाजार. मला गाडीतून न्यायला माणूस हवाय, बघायला नको. नवरा म्हणाला, रजा काढावी लागेल. ती म्हणाली, काढ.

तिकिटं कामाच्या दिवशी आणखी स्वस्त असतात, हेही तिनेच सांगितलं.

त्या रात्री चुलीजवळ बसून फोनवर नावं लागली. नोव्हेंबर नवऱ्याचा, डिसेंबर लीड्सच्या बहिणीचा, जानेवारी दिराचा. फेब्रुवारीत कोणी नव्हतं. मावशीने भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, खतवाल्या दुकानाचं, मेंढ्यांच्या चित्राचं. पुढच्या वर्षाचं अजून आलेलं नव्हतं, म्हणून तिने डिसेंबरच्या पानाच्या मागे फेब्रुवारी लिहिला, त्यापुढे माझं नाव लिहिलं आणि मला विचारलं, "व्हिसा तोपर्यंत चालेल ना?"

मी पासपोर्ट काढून तारीख बघितली. चालतोय.