घर, जमीन आणि संघटना

(एरंडोल येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शहरातील गरिबांच्या घरांचा प्रश्न हा आजच्या वर्गाचा विषय आहे. तीस हजारांच्या पुढेमागे वस्ती असलेल्या एरंडोलसारख्या गावी या विषयाचे प्रयोजन काय, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. घरांची टंचाई म्हणजे मुंबई-पुण्याचे दुखणे, असा आपला समज आहे. परंतु सुरत-नागपूर महामार्गावरून येताना आजूबाजूला नजर टाकावी. कासोद्याच्या किंवा धरणगावच्या रस्त्याने थोडे बाहेर जावे. काल-परवापर्यंत कपाशी उभी असलेल्या शेतात आज दगड रोवून प्लॉट पाडलेले दिसतात. यांपैकी कित्येक प्लॉट वर्षानुवर्षे मोकळे पडून आहेत. दुसरीकडे हमाल, बांधकाम मजूर, हातगाडीवाले आणि धुणीभांडी करणाऱ्या बाया एका खोलीत पाच-सहा माणसांचा संसार करीत आहेत. एकीकडे रिकामी जमीन आणि दुसरीकडे जमिनीवाचून माणसे, हे मुंबईचे चित्र आपल्या गावच्या वेशीवर येऊन ठेपले आहे.

हा प्रश्न बहुधा 'घर महाग झाले' अशा शब्दांत मांडला जातो. माझ्या मते ही मांडणी अपुरी आहे. विटा, सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचे दर वाढले, हे खरे. तथापि कष्टकऱ्याला घरापासून दूर ठेवणारी मुख्य गोष्ट जमीन आहे. हिशेबासाठी काही आकडे धरून चालू. तीनशे चौरस फुटांचे साधे घर फुटाला अठराशे रुपये दराने बांधले, तर ५ लाख ४० हजार रुपये लागतात. प्रधानमंत्री आवास योजनेखाली नगरपालिका हद्दीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाखांचे साहाय्य मिळत आले आहे. उरलेल्या २ लाख ९० हजारांसाठी नऊ टक्के व्याजाने पंधरा वर्षांचे कर्ज काढले, तर महिन्याचा हप्ता तीन हजारांच्या आत बसतो. दोघे कमावते असलेले मजुराचे कुटुंब हा भार कसाबसा पेलू शकेल. आता यात सहाशे फुटांचा प्लॉट घालू आणि त्याचा दर फुटाला एक हजार धरू. कर्ज सहा लाखांनी वाढते आणि हप्ता नऊ हजारांच्या घरात जातो. घर तेच, भिंती त्याच. फक्त पायाखालची जमीन हिशेबात आली आणि घर हाताबाहेर गेले.

यातील विपर्यास लक्षात घ्या. 'स्वतःच्या जागेवर' ही त्या साहाय्याची अट आहे. ज्याच्या नावे सातबारा वा मालमत्ता पत्रक आहे, त्याला अनुदान मिळेल. ज्याला सर्वाधिक गरज आहे, तो मात्र जागेअभावी अर्जाच्या खिडकीवरूनच परत फिरेल. आणि ही जमीन महाग कोणी केली? प्लॉटच्या मालकाने तीत काही पिकवले नाही, काही बांधले नाही. रस्ता सरकारने केला, पाणी पालिकेने आणले, शाळा आणि बाजार समाजाने उभे केले. या सर्वांमुळे वाढलेली किंमत मात्र एकट्या मालकाच्या खिशात गेली. अर्थशास्त्रात हिला अनर्जित वाढ म्हणतात. समाजाने निर्माण केलेले मूल्य समाजाकडे परत यावे, ही समाजवाद्यांची मागणी एवढ्या साध्या हिशेबावर उभी आहे.

ही मागणी कायद्यात उतरलीच नाही, असे नाही. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ साली झाला. शहरी जमीन मूठभरांच्या हाती एकवटू नये, तिच्यात सट्टेबाजी होऊ नये आणि तिचे न्याय्य वाटप व्हावे, असा त्याचा जाहीर हेतू होता. मुंबईत रिकाम्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरली. परंतु त्याच कायद्याच्या विसाव्या कलमाने सरकारला सूट देण्याचा अधिकार दिला आणि त्या दारातून मोठमोठ्या जमिनी निसटू लागल्या. कायद्याच्या पुस्तकात गरिबांचे घर होते, प्रत्यक्षात मात्र सूट मिळालेल्यांचे इमले उठत होते.

अशा वेळी मृणालताई गोरे, प. बा. सामंत आणि त्यांचे सहकारी यांनी जे केले, त्याचा अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याने केला पाहिजे. तो कायदा आणीबाणीच्या काळातला होता, आणि मृणालताईंनी त्या आणीबाणीत तुरुंगवास भोगला होता. तरीही कायदा कोणी केला याचा विचार करीत त्या बसल्या नाहीत. त्यातील अक्षरांचा गरिबांना काय उपयोग, एवढेच त्यांनी पाहिले. गोरेगावच्या वस्त्यांत नळाच्या पाण्यासाठी लढून 'पाणीवाली बाई' हे नाव मिळवलेल्या या कार्यकर्तीने ऐंशीच्या दशकात सहकाऱ्यांसह नागरी निवारा परिषदेच्या रूपाने घर नसलेल्यांची संघटना उभी केली. अतिरिक्त ठरलेली जमीन सरकारने ताब्यात घ्यावी आणि बेघरांना द्यावी, यासाठी मोर्चे निघाले. त्याचबरोबर न्यायालयीन लढाही चालवला गेला. अखेरीस गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे जमीन मिळाली आणि तीवर सुमारे सहा हजार कुटुंबांची घरे उभी राहिली. ज्या महानगरात सामान्य कारकुनालाही घराचे स्वप्न परवडत नव्हते, तेथे हे घडले.

हे यश कशामुळे आले? नेतृत्वाची निष्ठा हे एक कारण झाले. मला त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे वाटते. येथे घर मागणारा मनुष्य याचक म्हणून रांगेत उभा नव्हता. तो संघटनेचा सभासद होता. सभा, मोर्चे, खटले आणि बांधकाम यांत वर्षे गेली, तरी माणसे टिकून राहिली, कारण योजना त्यांची स्वतःची होती. सरकारी योजनेत लाभार्थी असतो, चळवळीत सभासद असतो. लाभार्थ्याला हिशेब विचारण्याची सवय नसते. सभासदाचा तो हक्कच असतो.

याच्या उलट उदाहरण शोधायला आपल्याला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. जळगावात तत्कालीन नगरपालिकेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अकरा हजारांहून अधिक घरकुलांची योजना हाती घेतली. प्रत्यक्षात दीड हजारांच्या आसपासच घरे पूर्ण झाली. २००६ साली महापालिका आयुक्तांनी फिर्याद नोंदविली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. या निकालाविरुद्ध अपिले झाली, म्हणून व्यक्तींविषयी मी येथे बोलणार नाही. मला प्रश्न विचारायचा आहे तो आपल्याला. ही घरे ज्यांच्या नावाने मंजूर झाली, ते झोपडपट्टीतील लोक त्या काळात कोठे होते? ठेका कोणाला दिला, आगाऊ रक्कम किती दिली, जागा पालिकेच्या मालकीची आहे की नाही, हे विचारणारी त्यांची एखादी समिती होती काय? आणि ती उभी करण्याचे काम कोणाचे होते? भ्रष्टाचार झाल्यावर निषेधाचे पत्रक आपण काढले असेल. तो होत असताना वस्तीत बसून हिशेब मागणारी संघटना आपण बांधली नव्हती. हे आपले अपयश आहे आणि ते आपण मान्य केले पाहिजे.

मोठ्या शहराबाहेर असे काम होत नाही, हीही समजूत खरी नाही. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांचे उदाहरण घ्या. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्या संघटित झाल्या, गोदूताई परुळेकरांच्या नावाने सहकारी संस्था काढली आणि कुंभारी येथे दहा हजार घरे उभी केली. २००६ साली ती पूर्ण झाली. पुढे तेथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेतला गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांतील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. तेथील पक्ष आपला नाही. पण चांगले काम कोणाचे, यावरून त्याची किंमत ठरवण्याची खोड आपण सोडली पाहिजे. बँकेला पगाराचा दाखला न दाखवू शकणाऱ्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया जर केंद्र, राज्य आणि स्वतःचा वाटा यांची मोट बांधू शकतात, तर आपल्या तालुक्यातील मजुरांना ते अशक्य का असावे?

जगात याहून पुढची पावलेही पडली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली घरांवर चढता कर बसविला. आलिशान हवेलीला जबर, कामगाराच्या खोलीला नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांच्या आसपास भाड्याची घरे बांधली. नगरपालिका म्हणजे गटारे आणि दिवाबत्ती एवढाच कारभार नव्हे, हे त्यावरून कळते.

आपल्याकडे मात्र चाक उलटे फिरले. कमाल धारणा कायदा केंद्राने १९९९ साली रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ च्या नोव्हेंबरात तेच केले. जमीन खुली झाली की पुरवठा वाढेल आणि भाव उतरतील, असे तेव्हा सांगितले गेले. भाव उतरले नाहीत, हे सांगायला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची आवश्यकता नाही. जमीन ही साबणाच्या वडीसारखी कारखान्यात निघत नाही. भाव वाढणार अशी खात्री असलेला मालक ती विकण्याची घाई करीत नाही. पण कायदा रद्द होत असताना महाराष्ट्राच्या रस्त्यावर किती माणसे उतरली, हाही प्रश्न आहे. ज्यांना घरे मिळाली होती, ती आपापल्या घरांत सुखी होती. ज्यांना मिळाली नव्हती, ती संघटित नव्हती. घर मिळाले की चळवळ संपते, हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून घर सभासदाचे, परंतु जमीन कायम सहकारी संस्थेची, असा नियम आरंभीच करावा. तसे केल्याने घर बाजारात जाऊन पुन्हा सट्ट्याचा माल होणार नाही आणि संस्थाही जिवंत राहील.

आता एरंडोलविषयी. येथे जमीन अजून मुंबईच्या भावाला गेलेली नाही आणि हीच आपली संधी आहे. भाव चढल्यानंतरची लढाई दहापट अवघड असते. तीन कामे मी सुचवितो.

पहिले काम नोंदीचे. प्रत्येक प्रभागात भाड्याने राहणारी, एका खोलीत दोन संसार करणारी आणि सरकारी वा पालिकेच्या जागेवर वसलेली कुटुंबे यांची वही करावी. सरकारी जागेवरील जुनी निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण राज्याने २०१८ साली जाहीर केले. त्याचा लाभ घ्यायचा, तर वीजबिल, घरपट्टीची पावती, मतदारयादीतील नाव हे पुरावे हवेत. हे कागद गोळा करण्याचे काम कोणताही मोर्चा करू शकत नाही, ते कार्यकर्त्यालाच करावे लागते. फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरीही पर्यायी जागेचे संरक्षण मिळाले ते मुख्यतः १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना. तत्त्व सर्वांचे झाले, जागा मात्र नोंद असलेल्याला मिळाली.

दुसरे काम विकास आराखड्याचे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी प्रसिद्ध करावा लागतो. प्लॉटवाले त्या नकाशावर बारीक नजर ठेवून असतात. आपण तो पाहतही नाही. गरिबांच्या घरांसाठी आरक्षण टाकावे ही सूचना शेकडो सह्यांनिशी गेली पाहिजे. आरक्षण पडल्यावरही झोपता कामा नये, कारण दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाच्या नोटिशीनंतर ते आरक्षण रद्द होऊ शकते. मोठ्या ले-आउटमध्ये वीस टक्के हिस्सा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची तरतूद राज्याने २०१३ साली केली, ती दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरपालिकांपुरती. हाच नियम नगरपरिषदांनाही लावा, ही मागणी खानदेशातील प्रत्येक गावातून उठली पाहिजे.

तिसरे काम सहकारी संस्थेचे. पन्नास कुटुंबांपासून सुरुवात करावी. दरमहा ठरावीक बचत, दरमहा सभा आणि दर सभेत हिशेबाचे वाचन. संस्थेत निम्म्याहून अधिक सभासद स्त्रिया असाव्यात. भाडे वाढले किंवा खोली सोडावी लागली, की पहिला घोर त्यांना लागतो, आणि बचतीचा रुपयाही त्याच राखतात. सरकारकडे जमीन मागायला जाताना आपल्या हाती निवेदनाबरोबर बचतीचे पुस्तकही असले पाहिजे.

पलीकडे अमळनेरला साने गुरुजींनी शिक्षकी केली. अमळनेर-एरंडोलच्या या पट्ट्यात समाजवादाचा विचार पुस्तकांतून कमी आणि माणसांतून अधिक पसरला. आपण ते सूत्र मध्यंतरी सोडले. निवडणुका लढवल्या, ठराव केले, पण वस्तीतील बैठक सुटली. घरांचा प्रश्न ती बैठक पुन्हा सुरू करण्याची संधी देतो, कारण या प्रश्नावर वस्तीतला कोणताही मनुष्य आपल्याशी बोलायला तयार असतो.

पुढील महिन्याच्या वर्गाला प्रत्येकाने निदान एका गल्लीची नोंदवही पुरी करून आणावी, अशी माझी विनंती आहे. त्या वह्या समोर ठेवूनच पुढचे बोलू.