चष्म्याचा नियम त्यांचा, मग चष्म्याचा खर्च कोणाचा?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून वेतन, पेन्शन, रिक्त जागा यांवर पुष्कळ बोलून झाले. ते बोललेच पाहिजे. आता आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो ऐकून काही जणांना हसू येईल. आम्ही चष्म्याबद्दल बोलणार आहोत. पण या सभागृहात नुसती नजर फिरवली तरी दिसते की निम्म्याहून अधिक मंडळींच्या नाकावर चष्मा आहे, आणि उरलेल्यांपैकी कित्येकांच्या खिशात आहे. तो खिशात का आहे, नाकावर का नाही, यातच आजच्या भाषणाचे सारे मूळ आहे.

आपल्याला कायम सांगितले जाते की डोळ्यांत तेल घालून काम करा. गाडी चालवणाऱ्याने सिग्नल पाहायचा, कीमनने रुळाची चिर पाहायची, गेटमनने दोन्ही बाजूंचा रस्ता पाहायचा. टपालातल्या आपल्या आर.एम.एस.च्या भावांनी तर वर्षानुवर्षे हलत्या डब्यात, पिवळ्या दिव्याखाली, दुसऱ्याचे अक्षर वाचून थैल्या लावल्या. १९७२ साली पिनकोड आला, सहा आकडे आले, काम सोपे झाले. पण ते सहा आकडेसुद्धा दिसावे लागतातच. चाळिशी कोणाला चुकलेली नाही. वयाच्या चाळिशीच्या आसपास जवळचे अक्षर पुसट होऊ लागते, हा आजार नव्हे, शरीराचा धर्म आहे. म्हणून तर आपल्या भाषेत त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात.

आता मोफत तपासणी कोणाला मिळते ते आधी पाहू, कारण आपल्याच सभासदांना ते नीट ठाऊक नसते.

रेल्वेत कामाच्या स्वरूपावरून दृष्टीचे वर्ग पाडले आहेत. ए-१ मध्ये इंजिनावरचे लोक. ए-२ मध्ये गार्ड, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात ते, स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, शंटिंगचे कर्मचारी. ए-३ मध्ये गेटमन, ट्रॉलीवरून लाइन पाहणारे सुपरवायझर वगैरे. ए वर्गात गाडीची सुरक्षितता पाहिली जाते. बी-१ आणि बी-२ मध्ये नजर कमी पडली तर स्वतःला किंवा शेजारच्याला यंत्रापासून इजा होईल असे शेड व कार्यशाळेतले लोक येतात. सी-१ आणि सी-२ मध्ये कचेरीतले व इतर. भरतीच्या वेळी ए-१ ला दोन्ही डोळे चष्म्याशिवाय ६/६ लागतात. ६/६ म्हणजे निकोप डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ वाचता येते ती आपल्यालाही सहा मीटरवरून वाचता येणे. ६/९ म्हणजे निकोप डोळा जी ओळ नऊ मीटरवरून वाचतो ती आपल्याला सहा मीटरवर यावे लागले तेव्हा दिसली. एवढेच त्याचे गणित आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

ए वर्गातल्या कर्मचाऱ्याची तपासणी, जिला आपण पी.एम.ई. म्हणतो, ती ४५ वर्षे वयापर्यंत दर चार वर्षांनी, मग ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत दर वर्षी होते. बी वर्गाची ४५ व्या वर्षी आणि मग दर पाच वर्षांनी. सी वर्गाला अशी ठरलेली तपासणी नाही. म्हणजे आरक्षणाच्या खिडकीत आणि कचेरीत दिवसभर पडद्याकडे पाहत बसणाऱ्यांत जे सी वर्गात आहेत, त्यांना कोणी बोलावून डोळे तपासत नाही. त्यांनी स्वतःहून रेल्वे दवाखान्यात जायचे. तेथे तपासणी मोफत आहे, घरच्या आश्रितांचीही मोफत आहे, पण जायला हवे. आमचा अनुभव असा की माणूस डोके दुखते म्हणून गोळ्या घेत राहतो आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे वर्षाने पोहोचतो.

येथे एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण मुलांच्या भरतीच्या जाहिराती निघाल्या की शाखेत हाच प्रश्न येतो. मुलाचा नंबर घालवण्यासाठी लेझरचे ऑपरेशन करून घ्यायचे आणि मग असिस्टंट लोको पायलटचा अर्ज भरायचा, हा बेत करू नका. असे ऑपरेशन झालेला उमेदवार त्या पदाला चालत नाही. एका सभासदाने कर्ज काढून हे केले आणि मग आमच्याकडे आला. आम्ही काय करणार? ऑपरेशन परत फिरवता येत नाही.

टपाल खात्यातल्या खातेनिहाय कर्मचाऱ्यांना, जेथे सी.जी.एच.एस. आहे तेथे त्याच्या दवाखान्यातून, आणि जेथे नाही तेथे १९४४ च्या वैद्यकीय नियमांखाली अधिकृत डॉक्टरकडून तपासणी घेता येते. पण ग्रामीण डाक सेवकांचे काय? खेड्यापाड्यांत पत्र, मनीऑर्डर, पार्सल आणि आता बँकेचे यंत्र घेऊन फिरणारा हा माणूस या दोन्ही योजनांच्या बाहेर आहे. देशभरात असे अडीच लाखांच्या घरात लोक आहेत. काम खात्याचे, शिक्का खात्याचा, डोळे मात्र स्वतःचे!

ठेकेदाराकडच्या कामगारांनाही विसरू नका. रेल्वेच्या हद्दीत सफाई, डब्यांची धुलाई, पार्सल चढवणे-उतरवणे ही कामे आज त्यांच्याकडे आहेत. त्यांना कामगार विमा लागू होतो का हे आधी पाहा. जानेवारी २०१७ पासून त्याची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. विम्याचे कार्ड असेल तर त्या दवाखान्यात डोळे तपासून मिळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्याबद्दल आपल्या चळवळीचे मत काय आहे ते आपण जाणता, आम्ही पुन्हा सांगत नाही. पण त्यांत ४० वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी सांगितली आहे. तेवढी तरी वसूल करून घ्या, आणि त्या तपासणीत डोळ्यांचा तक्ता असलाच पाहिजे असा आग्रह धरा.

ज्यांना यातले काहीच लागू नाही त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालय आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन भिंग बसवून मोफत होते, नंबर असलेल्या गरीब शाळकरी मुलांना मोफत चष्मा मिळतो, आणि वयस्कांना जवळचे वाचण्याचा चष्मा देण्याचीही तरतूद आहे. मुलांसाठी २०१३ साली आपल्या पालघरलाच ज्याचा आरंभ झाला तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते. ग्रामीण डाक सेवक बंधूंनी मुलांच्या शाळेत विचारावे की पथक केव्हा येणार. आमच्या निवृत्त भावांसाठी रेल्वेची १९९७ ची निवृत्तांची आरोग्य योजना आहे. तिचे कार्ड काढले नसेल तर आधी ते काढा.

हे झाले तपासणीचे. तपासणी मोफत, हे खरे. पण डॉक्टर कागदावर नंबर लिहून देतो तेथे खात्याची जबाबदारी संपते. चष्मा आपण घ्यायचा. युनियनच्या कामात आमची तीस वर्षे गेली, औषधांची, ऑपरेशनची, प्रवासाची बिले पास करून घेतली. चष्म्याचे साधे बिल घेऊन गेलेला माणूस हात हलवत परत आलेलाच आम्ही पाहिला. आणि गंमत पाहा. ड्रायव्हरला किंवा गार्डला डॉक्टरने चष्मा लावूनच काम करण्यास सांगितले असेल, तर गाडीवर त्याच्याजवळ चष्म्याचे दोन जोड असले पाहिजेत असा सामान्य नियमांतच नियम आहे. नियम अगदी योग्य आहे. एक फुटला तर दुसरा हवाच, मागे हजार-दीड हजार जीव आहेत. पण दुसरा जोड हा त्या माणसाच्या हौसेचा नाही, गाडीच्या सुरक्षिततेचा आहे. हातातली बत्ती, झेंडी, शिट्टी खाते देते. मग तो दुसरा जोड, खरे तर दोन्ही जोड, कोणत्या न्यायाने त्याच्या पगारातून?

कार्यशाळेतल्या बंधूंना हे लवकर पटेल. वेल्डिंगच्या आणि ग्राइंडरच्या कामावर डोळे सांभाळण्याची साधने मालकाने द्यायची, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमाने ठरवून दिले होते. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली, पण गॉगलचे पैसे कामगाराने द्यावेत असे आज कोणी म्हणणार नाही. ठिणगीपासून डोळा वाचवणारी काच कामासाठी, आणि सिग्नल दाखवणारी काच घरगुती, हा भेद आम्हाला समजत नाही.

बाहेरच्या देशात हा वाद कसा झाला ते थोडे सांगतो. इंग्लंडात ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा तपासणी आणि चष्मा दोन्ही मोफत होते. लोकांची रांग लागली, कारण तोवर गरीब माणूस बाजारातून अंदाजाने चष्मा उचलत होता. तीन वर्षांत, १९५१ साली, तिथल्या मजूर पक्षाच्याच सरकारने चष्म्यावर आणि कवळीवर आकार बसवला. ती सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन, जे लहानपणी खाणीत काम केलेले होते, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एप्रिल १९८९ मध्ये बहुतेकांची मोफत तपासणीही गेली. साठीवरच्यांना ती परत मिळायला एप्रिल १९९९ उजाडावे लागले. स्कॉटलंडने २००६ पासून सर्वांनाच मोफत केली. म्हणजे मिळालेली सवलतही जाते आणि गेलेली परत आणता येते. पण आपल्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. १९९३ च्या जानेवारीपासून तेथे असा नियम आहे की संगणकाच्या पडद्यावर नेहमी काम करणाऱ्याने मागणी केली तर मालकाने त्याचे डोळे स्वखर्चाने तपासून द्यायचे, आणि त्या कामापुरता वेगळा चष्मा लागत असेल तर त्याचाही साधा खर्च मालकानेच करायचा. भारी फ्रेम हवी असेल तर वरचे पैसे कामगाराचे. आम्हाला हा हिशेब रास्त वाटतो. सोन्याची फ्रेम कोणी मागत नाही.

आता खिशातल्या चष्म्याकडे येतो. तो खिशात राहतो तो भीतीमुळे. आपली नजर कमी झाली हे कळले तर वर्ग खाली जाईल, इंजिनावरून उतरवतील, मायलेज जाईल, मग घरचे हप्ते कसे भरायचे? म्हणून माणूस पी.एम.ई.च्या आधी ओळी पाठ करतो, फुटपाथवरून चष्मा घेतो आणि साहेब दिसला की काढून ठेवतो. आम्ही त्याला दोष देत नाही. पण त्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. एक, सेवेत असताना फेरतपासणीला चष्मा चालतो. चष्मा लागला म्हणजे वर्ग गेला असे नाही. चष्म्यानेही ठरलेली ओळ वाचता आली नाही तरच प्रश्न येतो. आणि त्यामागे मोतीबिंदू असेल, काचबिंदू असेल, साखरेने डोळ्याचा पडदा खराब होत असेल, तर लपवल्याने तो बरा होणार नाही. काचबिंदू तर गुपचूप येतो, गेलेली नजर परत देत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. पूर्वी वर्ग गेला आणि मुदतीत दुसरे काम मिळाले नाही तर नोकरीच जाण्याची पाळी येई. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४७ व्या कलमाने ते बंद केले, आणि २०१६ च्या नव्या कायद्यातील २० व्या कलमात तेच संरक्षण आहे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. त्या पदावर काम जमत नसेल तर त्याच वेतनाच्या दुसऱ्या जागी घ्यायचे, आणि जागा नसेल तर ती मिळेपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. रेल्वे बोर्डानेही २९ एप्रिल १९९९ च्या पत्राने आपले नियम त्याप्रमाणे बदलले. रनिंग स्टाफला पर्यायी जागेवर वेतन ठरवताना मूळ वेतनात ३० टक्के धरले जातात. मायलेजचे पूर्ण नुकसान त्यातून भरून निघत नाही, हे आम्ही लपवत नाही; ते भांडण वेगळे आहे आणि चालू आहे. पण चूल विझत नाही. कोणाला पर्यायी जागेसाठी ताटकळत ठेवले असेल, वेतन कमी धरले असेल, तर तो कागद त्याच दिवशी शाखेकडे द्या, सहा महिन्यांनी नव्हे.

आपली मागणी सरळ आहे. ज्या पदाला दृष्टीचा वर्ग लावला आहे, त्या पदावरच्या माणसाला खात्याच्या डॉक्टरने चष्मा लिहून दिला तर त्याची ठरावीक किंमत खात्याने द्यावी, गाडीवर जाणाऱ्याला दोन जोडांची. पडद्यावर काम करणाऱ्या सी वर्गालाही ठरलेल्या मुदतीने तपासणी मिळावी. आणि ग्रामीण डाक सेवकाला आधी तपासणीचा तरी हक्क मिळावा. हा विषय पी.एन.एम.च्या यादीत घालायचा तर नुसत्या घोषणेने भागत नाही, तेथे कागद लागतो.

म्हणून एवढे करा. आपले पद, वर्ग, वय, शेवटची पी.एम.ई. केव्हा झाली, पुढची केव्हा आहे, चष्मा किती वर्षांपासून आहे आणि गेल्या पाच वर्षांत किती वेळा बदलला, हे एका कागदावर लिहून शाखा सचिवाकडे द्या. चष्म्याच्या पावत्या फेकू नका, त्यांच्या प्रती जोडा. इटारसी, भुसावळ, सिकंदराबाद, हुबळी, जेथे असाल तेथे तेथल्या भाषेत लिहिलेत तरी चालेल. ज्यांची पी.एम.ई. उलटून गेली आहे त्यांनी उद्याच सुपरवायझरकडे मेमो मागावा आणि तो देत नसेल तर तसे लिहून घ्यावे. बाहेर दाराशी टेबल मांडले आहे, कोरे कागद तेथेच ठेवले आहेत. अक्षर दिसत नसेल त्याचा कागद आमचे कार्यकर्ते लिहून देतील.