निजवणं आणि गप्प करणं
(निंबोला येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मंडळी, आणि लेकरं मांडीवर घेऊन सतरंजीवर बसलेल्या मायबहिणींनो,

तुम्हाला विचारायचं आहे ते मला ठाऊक आहे : पोरगं रात्री झोपत नाही, काय देऊ? हा 'काय देऊ' फार जुना आहे. शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला अफूची बारीक गोळी चाटवत. तिला बाळगोळी म्हणत. अफू होती आपल्या माळव्याचीही. तिथून ती मुंबई बंदरात जायची. गोळी दिली की बाळ दिवसभर निपचित. अफूनं श्वास मंदावतो, भूक मरते, पोट कडक होतं. बाळ रडत नाही म्हणून त्याला पाजायचं कुणाच्या लक्षात येत नाही आणि ते गपचूप वाळत जातं. त्या आयांना मी दोष देणार नाही. दहा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या बाईनं लेकरू ठेवायचं कुठे?

आता गोळी गेली, बाटली आली. सर्दीच्या औषधानं पोरगं 'छान झोपतं' असं कुणी सांगतं. ती झोप नव्हे, गुंगी. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये बजावलं. आणि 2025 मध्ये याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, खोकल्याच्या विषारी सिरपनं लेकरं दगावली. तिथे आईबापांनी औषध खोकल्यासाठीच दिलं होतं; तरी बाटलीवर आंधळा भरवसा नको, एवढं त्यातून घ्या.

मग बाळ झोपत का नाही? बऱ्याचदा ते झोपतं, आपल्या वेळेला झोपत नाही. पोटात असताना आई दिवसभर चालायची, त्याला झोके मिळायचे. रात्री ती आडवी झाली की ते लाथा मारायचं. बाहेर आल्यावर दिवस-रात्र कळायला त्याला दोन-तीन महिने लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचं 2019 चं माप असं : तीन महिन्यांपर्यंत दिवसाचे 14 ते 17 तास, पुढे वर्षापर्यंत 12 ते 16, एक-दोन वर्षांच्याला 11 ते 14, दुपारची डुलकी धरून. ते तुकड्यातुकड्यानं भरतं. म्हणून दिवसा दार उघडं ठेवा, उजेड येऊ द्या, घरातला आवाज चालू द्या. बुऱ्हाणपुरात यंत्रमागाच्या खटखटीत लेकरं निजतातच की! रात्री पाजताना मात्र दिवा बारीक, बोलणं नाही, मोबाइल तर नाहीच.

बाळाला पाठीवर निजवा. अमेरिकेत 1994 पासून एवढंच घरोघर सांगितलं, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू निम्म्यावर आले. राईची उशी, गोधडीचा ढीग, तोंडावरून पदर, सगळं दूर. आणि अंघोळीनंतरची ती धुरी! ओवा, वावडिंग निखाऱ्यावर टाकून बंद खोलीत बाळाला धुरावर धरतात, ते खोकतं, थकतं, डोळे मिटतं. आजी म्हणते, बघ कसं निजलं. आजींनी तेल जरूर चोळावं, शेगडी बाहेर ठेवावी.

राहिली झोळी. लुगड्याची झोळी मला आवडते, पण तान्ह्याची हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो. निजलं की सपाट जागी काढा. आणि जवळ मोठं माणूस हवंच.

शेतात ते माणूस कोण? 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती : कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं आली, तर एका बाईनं ती सांभाळायची आणि तिला मजुरी पूर्ण. कापूस वेचणीला, निंदणीला बाया लावणारे शेतकरी इथे मागे खुर्च्यांवर बसले आहेत. तशाच, लिंबाखाली लेकरांजवळ बसणाऱ्या एका बाईची रोजी एकरी किती पडते, त्यांनी या हंगामाआधी हिशेब मांडून बघावा. मी थांबतो, आता तुम्ही विचारा.